मत नको, काम विचारा: शास्त्रज्ञ, लेखक आणि कलावंतांची दीर्घ मुलाखत कशी घ्यावी

दिवाळी अंकात, साहित्य संमेलनाच्या मांडवात, कॉलेजच्या वार्षिकांकात आणि आता पॉडकास्टवर, मराठीत मुलाखती भरपूर होतात. त्यातल्या बऱ्याच मुलाखती वाचून त्या माणसाची मतं कळतात, काम मात्र कळत नाही. ‘आजची पिढी वाचते का?’, ‘मराठीचं भवितव्य काय?’, ‘देव आहे का?’ असं खगोलशास्त्रज्ञाला, कादंबरीकाराला आणि तबलजींना विचारलं तर उत्तरं जवळपास सारखीच येतात, कारण त्यांच्या कामाशी या प्रश्नांचा संबंधच नसतो. लिहिलेलं अख्खं प्रकरण का फाडून टाकलं, प्रयोगातले आकडे जुळेनात तेव्हा काय केलं, रागातली एखादी जागा गुरूंनी दिली की स्वतःला सापडली, हे मात्र त्या एकाच माणसाला माहीत असतं. ते विचारून, नीट टिपून ठेवणं हे मुलाखतकाराचं खरं काम आहे असं मी मानतो. ते कसं करायचं, ते इथे सुरुवातीपासून सांगतो.

कोणाकडे जायचं आणि कधी

‘कधी’चं उत्तर आधी देतो: लवकर. पुंजभौतिकीचा (क्वांटम फिजिक्सचा) इतिहास तो घडवणाऱ्या शास्त्रज्ञांच्याच तोंडून नोंदवून ठेवावा म्हणून विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून आणि त्यांचे सहकारी १९६२ साली कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांच्या मुलाखती घेत होते. ३१ ऑक्टोबरला सुरुवात झाली, १७ नोव्हेंबरला पाचवी बैठक झाली आणि १८ नोव्हेंबरला बोर गेले. त्या बैठका झाल्या नसत्या तर अणूच्या रचनेचा विचार त्यांच्या मनात कसा आकाराला आला याबद्दलचे त्यांचे स्वतःचे कितीतरी शब्द आज आपल्याकडे नसते. तुमच्या गावातल्या नव्वदीच्या भाषांतरकाराकडे किंवा निवृत्त वनस्पतीशास्त्रज्ञाकडे ‘परीक्षा झाल्यावर जाऊ’ म्हणत असाल, तर याच आठवड्यात फोन करा.

माणूस प्रसिद्धच हवा असं नाही. प्रसिद्ध माणसाची उत्तरं सांगून सांगून घोटीव झालेली असतात. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरे करणारी सतारमेकर घराणी आहेत. भोपळा कसा निवडतात, जवारी (तारांखालची घोडी घासून आवाजात आणलेली गुंज) लावताना ती ‘झाली’ हे कानाला कशावरून कळतं, एकाच तंबोऱ्याची जवारी दोन गायकांना वेगवेगळी का हवी असते, याविषयी त्यांच्याशी तासभर बोललात तर ध्वनिशास्त्र आणि संगीत दोन्ही एका बैठकीत हाती येतात. वेधशाळेतले तंत्रज्ञ, छापखान्यात खिळे जुळवलेले कारागीर, नाटकाची प्रकाशयोजना करणारे, कोशासाठी वर्षानुवर्षं नोंदी लिहिणारे, हेही विज्ञान, कला आणि संस्कृतीचेच साक्षीदार. यांच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही.

विनंती कशी करायची

पत्र किंवा ईमेल लिहा, एका पानात बसेल एवढंच. तुम्ही कोण, मुलाखत कुठे येणार, किती वेळ हवा, ध्वनिमुद्रण होणार का, आणि छापण्याआधी मजकूर त्यांना दाखवणार का, या पाचही गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात. सहावी सगळ्यात महत्त्वाची: त्यांच्याच कामाबद्दल एक नेमकं वाक्य. ‘आपलं कार्य थोर आहे’ हे कोणालाही लिहिता येतं. ‘तुमच्या १९८० नंतरच्या कथांमधून निवेदक गायब होतो, त्याबद्दल विचारायचं आहे’ असं वाक्य फक्त वाचलेला माणूसच लिहू शकतो, आणि होकार त्यावर मिळतो.

वेळ दीड तासाची मागा, शक्यतो दोन बैठकींची. पहिल्या बैठकीनंतर माणसाला रात्री खूप काही आठवतं, ते दुसऱ्या बैठकीत येतं. वयस्कर माणसांना सकाळची, जेवणाआधीची वेळ बरी पडते. गायकांना त्यांच्या रियाजाची वेळ विचारून घ्या आणि ती सोडून जा.

‘प्रश्न आधी पाठवा’ असं बरेच जण म्हणतात. प्रश्न पाठवू नका, विषय पाठवा: बालपणीचं घर, अमुक प्रयोग, तमुक पुस्तक, अमक्यांशी झालेला वाद. लेखी प्रश्नांना माणसं लेखी उत्तरं तयार करतात आणि मग बैठकीत ती वाचून दाखवतात. विषय पाठवले की ते जुन्या वह्या आणि फोटो शोधून ठेवतात, आणि आपल्याला हवं असतं तेच.

तयारी: मुलाखतीचा तीनचतुर्थांश भाग इथेच होतो

तीन गठ्ठे करा: त्यांनी स्वतः लिहिलेलं किंवा केलेलं, त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेलं, आणि त्यांनी आधी दिलेल्या मुलाखती. मग एका कागदावर सालवारी मांडा. डाव्या बाजूला त्यांचं आयुष्य, उजव्या बाजूला त्या वर्षी त्यांच्या क्षेत्रात काय घडत होतं. उत्तम प्रश्न या दोन रकान्यांच्या मधल्या जागेत सापडतात.

उदाहरण म्हणून जयंत नारळीकर घेऊ. त्यांची आता मुलाखत घेता येणार नाही, २० मे २०२५ रोजी ते गेले. पण तयारी कशी असावी हे दाखवायला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मराठीत दुसरं नाही. १९३८ साली कोल्हापुरात जन्म, बनारसला शिक्षण, मग केंब्रिज, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९८८ पासून पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. हा झाला डावा रकाना. उजवीकडे लिहा: १९६४, फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त. १९६५, विश्वाच्या पार्श्वभूमीतल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर. या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला एका क्षणी सुरुवात झाली या कल्पनेच्या, बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. पुढे १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर-स्थिती कल्पनेचं, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या विचाराचं, सुधारित रूप मांडलं.

आता प्रश्न समोर उभाच राहतो. ‘महास्फोट तुम्हाला मान्य का नाही?’ हा प्रश्न त्यांना शेकडो जणांनी विचारला असणार आणि त्याचं उत्तर त्यांच्या लेखांत आहेच. त्याऐवजी असं विचारता आलं असतं: ‘१९६५ ची ती बातमी तुमच्यापर्यंत पोचली कशी? ती ऐकल्यावर कोणतं गणित पुन्हा करून पाहिलंत? हॉइल त्या दिवसांत काय म्हणत होते?’ या प्रश्नात ना आव्हान आहे ना स्तुती. प्रवाहाविरुद्ध उभं राहिलेला शास्त्रज्ञ रोजच्या रोज काय करतो, हे त्यातून उलगडलं असतं.

आधीच्या मुलाखती वाचायच्या त्या सांगून झालेले किस्से ओळखण्यासाठी. १९७४ साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून ते नाव बनवलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. किस्सा सुंदर आहे आणि तो अनेकदा छापून आला आहे. तो पुन्हा सांगायला लावण्यात दहा मिनिटं घालवू नका. प्रस्तावनेत तुम्हीच दोन ओळींत सांगून टाका आणि प्रश्न त्याच्या पुढून सुरू करा: कथेसाठी विज्ञानातली कोणती गोष्ट वाकवायला मन तयार झालं, आणि कोणती काही केल्या वाकवली नाही?

विषय तुमच्या आवाक्याबाहेरचा असेल तर घाबरू नका, पण तसेच जाऊही नका. त्या विषयाच्या कॉलेजातल्या शिक्षकाला तासभर भेटा आणि एवढंच विचारा: ‘या माणसाने नेमकं काय केलं, त्यात अवघड काय होतं, आणि त्याच्याशी असहमत असलेले लोक काय म्हणतात?’ या तिन्हींची उत्तरं तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आली की तयारी पुरेशी झाली.

फ्रेंच सिनेदिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६२ मध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांची आठवडाभर चाललेली मुलाखत घेतली तीही अशाच तयारीवर. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती. हेलन स्कॉट दुभाषी म्हणून मध्ये बसल्या. त्रुफोंनी सिनेमे बनले त्या क्रमाने एकेक घेतला आणि प्रत्येकातल्या ठरावीक दृश्यांबद्दल विचारलं. हा क्रम साधा वाटतो, पण आठवणीला धरायला खुंटी मिळते ती त्यामुळेच. पहिल्या बैठकीत तुम्हीही कामं घडली त्या क्रमाने चला.

प्रश्न लिहिणं

मताचा प्रश्न कामाच्या प्रश्नात बदलायची सवय लावून घ्या. ‘फलज्योतिषाबद्दल तुमचं मत काय?’ याचं उत्तर एका ओळीत संपतं. आता यामागची हकिकत पाहा. नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग यांनी २००८ मध्ये एक चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. सहभागी झालेल्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, अचूकता निघाली ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही थोडी कमी. हे माहीत असलं की प्रश्न आपोआप सुचतात. जन्मवेळा खात्रीच्या आहेत हे कसं पाहिलंत? पत्रिका जमवणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना एकमेकांपासून दूर कसं ठेवलंत? किती टक्के आले असते तर ‘यात काहीतरी आहे’ असं मान्य केलं असतंत? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून वाचकाला विज्ञानाची पद्धत जितकी समजेल तितकी ती मताच्या दहा पानांतून समजणार नाही.

कलावंतांनाही हेच लागू पडतं. ‘तुम्हाला कविता कशी सुचते?’ हा प्रश्न ज्याला विचारला त्याला अवघडून टाकतो. ‘या कवितेची पहिली ओळ आधी सुचली होती का? कच्चा खर्डा आहे का? त्यात शेवटचं कडवं काय होतं?’ इथे कवीला धरायला काहीतरी मिळतं. शक्य असेल तिथे वस्तूच मागा: वही, खर्डा, प्रयोगशाळेची नोंदवही, खुणा केलेली नाटकाची संहिता, तंबोरा. वस्तू हातात आली की बोलणं सैलावतं आणि तपशील येऊ लागतात.

आणखी थोडं, पटकन: प्रश्न एका वेळी एकच. प्रश्न उत्तरापेक्षा छोटा. ‘कसं’, ‘कुठे’, ‘कोण होतं तेव्हा’, ‘मग’ यांनी सुरू होणारे प्रश्न जास्त ठेवा. आपण किती वाचलंय हे प्रश्नात दाखवायची इच्छा आवरा, ते उत्तर ऐकून विचारलेल्या पुढच्या प्रश्नांतून दिसतंच. दीड तासाला बारा ते पंधरा मुख्य प्रश्न पुरतात. ते कागदाच्या कार्डांवर लिहा. मोबाईलमध्ये पाहून विचारलं की समोरच्याला तुमचं लक्ष दुसरीकडे आहे असं वाटतं.

खोली आणि ध्वनिमुद्रण

अर्धा तास आधी पोचा. पंखा, फ्रिज, रस्त्याकडची खिडकी आणि कुकरची शिट्टी हे चार शत्रू. घरातल्यांना विनंती करून तासभर ते शांत ठेवता येतात. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं असलेली खोली उत्तम, मोकळ्या फरशीचा दिवाणखाना वाईट. तिथे आवाज घुमतो.

कॉलर माईक हनुवटीपासून वीतभर खाली लावा, साडीच्या पदरावर किंवा मण्यांच्या माळेजवळ नको, घासल्याचा आवाज येतो. दोन यंत्रांवर मुद्रण करा, एक रेकॉर्डर आणि एक मोबाईल. मोबाईल फ्लाइट मोडवर. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवलीत तर एका माईकचं तासाभराचं मुद्रण साधारण ५२० एमबी होतं, त्या हिशेबाने जागा मोकळी ठेवा. अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या आणि ती हेडफोनवर ऐका. पडद्यावर रेघा हलताना दिसल्या म्हणजे आवाज नीट येतोय असं नसतं.

सुरुवातीला तारीख, ठिकाण, उपस्थितांची नावं आणि ‘मुद्रणाला आपली परवानगी आहे ना?’ हा प्रश्न उत्तरासह टेपवर घ्या.

समोर बसल्यावर

आधी संबोधन. कोणाला ‘सर’ आवडतं, कोणाला ‘बाई’, कोणी गुरुजी, कोणी बुवा. किशोरी आमोणकरांना सगळे ‘ताई’ म्हणत. घरातल्यांना फोनवर आधीच विचारून घ्या. मुलाखतभर एकच संबोधन ठेवा, आणि प्रत्येक वाक्यात ते नको.

पहिला प्रश्न जागेचा किंवा माणसांचा असावा, पुरस्कारांचा नको. गोव्यातलं कुर्डी हे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचे अवशेष वर येतात. अशा गावाशी नातं असलेल्या कोणाशी बोलत असाल तर ‘घरातून देऊळ किती लांब होतं? गाण्याचा आवाज कुठून यायचा?’ इथून सुरू करा. जागा आठवली की माणसं आठवतात, आणि माणसांमागोमाग काम येतं.

उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. सगळ्यात कठीण गोष्ट हीच आहे. घोटीव उत्तराचा शेवट झाला की माणूस क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यानंतर जे येतं ते आधी कोणाला सांगितलेलं नसतं. तिथे पुढचा प्रश्न टाकलात तर ते गेलं. बोलावंच लागलं तर ‘म्हणजे?’ एवढं पुरे. उत्तर फार व्यापक होऊ लागलं तर ‘असं शेवटचं कधी झालं?’ असं विचारून एका प्रसंगावर आणा.

सालात चूक झाली तर जागच्या जागी दुरुस्त करू नका, कार्डावर खूण करा, नंतर पडताळा. मतभेदाचा प्रश्न टाळू नका, पण तो बैठकीच्या उत्तरार्धात घ्या, आणि टीकाकाराचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडा. ‘हे छापू नका’ असं म्हटलं तर समोर दिसेल असं यंत्र बंद करा आणि शब्द पाळा.

विषय भरकटला तर? बहुतेक वेळा भरकटू द्या. प्रतिभा रानडे यांनी दुर्गाबाई भागवतांशी केलेल्या प्रदीर्घ गप्पांचं पुस्तक वाचताना हे पटतं. लोकसाहित्य, संस्कृत, आदिवासींमधलं काम, आणीबाणी, स्वयंपाक हे सगळं दुर्गाबाईंच्या बाबतीत एकाच कुतूहलातून आलेलं होतं. त्यांना ‘विषयाला धरून बोला’ म्हणणारा मुलाखतकार त्यातलं निम्मं घालवून बसला असता.

बोलीचंही तसंच. माणूस मालवणीत, वऱ्हाडीत किंवा कोकणीत रंगला तर त्याला प्रमाण मराठीत ओढू नका. तुम्ही फारच शुद्ध बोलायला लागलात की तोही पुस्तकी बोलू लागतो.

रंगमंचावरची प्रकट मुलाखत हे वेगळं गणित आहे. तिथे पाच सेकंदांची शांतता श्रोत्यांना खटकते, तपशील कमी आणि प्रसंग जास्त लागतात. माझा सल्ला असा की प्रकट मुलाखतीआधी घरी एक निवांत बैठक घ्याच आणि तिचं मुद्रण ठेवा. उद्या कामाला येईल ती घरातली.

शब्दांकन

एका तासाचं मुद्रण उतरवायला चार ते सहा तास धरा. आपोआप मजकूर देणारी साधनं आता मराठीत बऱ्यापैकी चालतात, पण माणसांची नावं, रागांची नावं आणि शास्त्रीय संज्ञा हमखास चुकवतात, म्हणून मूळ आवाज कानाशी ठेवून ओळ न्‌ ओळ तपासा.

संपादन करताना पुनरुक्ती काढा, विखुरलेले धागे एकत्र आणा, प्रश्न आखूड करा. न बोललेलं विधान मात्र एकही घालू नका. ‘केलं, गेलं, वाटलं’ हे बोलण्यातलं रूप तसंच ठेवा. ते ‘केले, गेले, वाटले’ केलंत की माणूस सभेत बोलल्यासारखा वाटतो. बोलताना आलेले रोजचे इंग्रजी शब्दही तसेच राहू द्या.

नोंदीवर किती काही अवलंबून असतं हे पाहायचं असेल तर रवींद्रनाथ ठाकूर आणि आइन्स्टाइन यांची १४ जुलै १९३० ची भेट पाहा. बर्लिनजवळच्या कापुट इथल्या आइन्स्टाइनच्या घरी दोघे सत्य आणि वास्तवाबद्दल बोलले: माणूस नसेल तरी सत्य असेल का? संभाषण उतरवलं गेलं ते टिपणांवरून, आणि पुढे त्याच्या एकाहून अधिक आवृत्त्या छापल्या गेल्या, ज्या शब्दाला शब्द जुळत नाहीत. आज त्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला कोणती आवृत्ती धरायची हे आधी ठरवावं लागतं. तुमच्याकडे यंत्र आहे, ही अडचण तुम्ही पुढच्यांसाठी ठेवू नका.

छापण्याआधी मजकूर दाखवणार असाल तर अटी आधीच ठरवा: नावं, सालं, तांत्रिक चुका दुरुस्त करायला पूर्ण मुभा, न बोललेल्या गोष्टी घालायला नाही. एखादं विधान काढायचा आग्रह झाला तर कारण विचारा. तिसऱ्या माणसाला त्रास होणार असेल तर काढा, फक्त भाषा गुळगुळीत करायची असेल तर नम्रपणे नाही म्हणा. आणि मुलाखतीत आलेलं प्रत्येक साल, संस्था, आकडा स्वतः पडताळा. आठवण प्रामाणिक असूनही चुकते.

मुद्रण जपणं

अंक निघाला की बहुतेक जण फाइल पुसून टाकतात. तसं करू नका. छापलेल्या मुलाखतीत बोलण्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आलेला असतो, आणि उरलेल्यात काय मोलाचं आहे हे वीस वर्षांनी येणारा अभ्यासक ठरवेल. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. फाइलच्या नावात तारीख, आडनाव आणि बैठकीचा क्रमांक घाला. सोबत एक साधा मजकुराचा कागद ठेवा, कोणत्या मिनिटाला कोणता विषय आहे त्याचा.

परवानगीचं पत्र याच वेळी पुरं करा, नंतर वारसांना शोधत फिरावं लागतं. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: छापायची परवानगी, आवाज ऐकवायची परवानगी, आणि एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला मुद्रण द्यायची परवानगी. मुलाखतीत कोणी दुसऱ्या कवीची अख्खी कविता म्हटली असेल तर तिचा हक्क वेगळा असतो. १९५७ च्या कायद्यानुसार आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो, म्हणून तेवढ्यापुरती त्या कवीच्या प्रकाशकाकडे किंवा वारसांकडे विचारणा करा.

मग छापील अंक आणि संपूर्ण मुद्रणाची एक प्रत त्या माणसाच्या घरी स्वतः जाऊन द्या. त्या भेटीत ‘हे सांगायचं राहिलं होतं’ असं ते म्हणण्याची शक्यता बरीच असते. रेकॉर्डर चार्ज करून सोबत ठेवा.